तीस पौंड खोबरेल

मुंबईहून कोकणात उतरणारा माणूस पळस्पे फाट्यावर थांबतोच. चहा, वडापाव, चाकातली हवा, मागे राहिलेल्या दुसऱ्या गाडीची वाट. आम्हीही थांबलो. श्रावण लागलेला, पाऊस रिपरिपत होता आणि नारळी पौर्णिमेला रत्नागिरीला मावशीकडे पोचायचं होतं. मात्र या खेपेला नुसतं पोचायचं नव्हतं. समुद्रापार जन्मठेपेवर पाठवलेल्या माणसांच्या खुणा या किनाऱ्यावर कुठे कुठे उरल्या आहेत, ते बघत बघत खाली जायचं मी ठरवलं होतं. अंदमानला जाणारे बरेच भेटतात. पण माणसं जिथून उचलली गेली त्या गावांकडे कोणी त्या नजरेने बघत नाही, ही माझी जुनी खंत.

त्यातलं पहिलं ठिकाण म्हणजे हा फाटाच. १८७९ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेला, पळस्पे आणि चिखली या गावांवर दौलतराव नाईकांच्या रामोशी साथीदारांनी छापे घातले. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. या साऱ्या बंडाचा सूत्रधार इथून हाकेच्या अंतरावरच्या शिरढोणचा होता: वासुदेव बळवंत फडके.

महामार्ग सोडून शिरढोणात शिरलं की ट्रकांचा आवाज मागे पडतो. भातखाचरं तुडुंब भरलेली, पलीकडे कर्नाळ्याचा सुळका ढगात अर्धा बुडालेला. फडक्यांचे आजोबा अनंतराव त्या किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याचे दिवस पालटले. गावात फडक्यांचं घर आहे, स्मारक आहे. स्मारकापाशी एक आजोबा छत्री टेकून उभे होते. "लांबून आलात?" एवढं विचारून त्यांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं आणि निघताना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

फडक्यांची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना माहीत असते. ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म, पुण्यात लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी, आई आजारी असताना नाकारलेली रजा, १८७६-७७ चा दुष्काळ, रामोशी, भिल्ल, कोळी यांना घेऊन केलेलं बंड, विजापूरकडच्या देवर नावडगीला झालेली अटक. सार्वजनिक काका वकील म्हणून उभे राहिले, तरी जन्मठेप झालीच. शाळेच्या पुस्तकात गोष्ट बहुतेक इथवर येते आणि पुढची तीन वर्षं "एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला" एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. मला त्या वाक्यापाशी थांबायचं होतं.

१८८० च्या जानेवारीत ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना एडनला नेलं. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच ताब्यात होतं. कागदावर बघितलं तर एका प्रांतातल्या तुरुंगातून त्याच प्रांतातल्या दुसऱ्या तुरुंगात केलेली बदली! प्रत्यक्षात काय होतं? शिरढोणच्या आसपास पावसाळ्यात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. एडनला वर्षाकाठी जेमतेम दोन इंच. विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या कड्यांमध्ये वसलेलं ते बंदर. झाड नाही, ओढा नाही. एका रात्री फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि ते पळाले. काही मैल गेलेही. पण पुढे कुठे जाणार? मावळात किंवा इथे पनवेलच्या रानात पळालेल्या माणसाला कुणाच्या तरी झोपडीत पेजेचा वाडगा मिळाला असता. लपायला करवंदीची जाळी होती, वाट सांगायला गुराखी होता. तिथे त्यांची बोली समजणारं कोणी नव्हतं आणि आडोशाला झुडूपही नव्हतं. ते लवकरच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनलाच ते गेले तेव्हा त्यांचं वय ३७ होतं. तीन वर्षं पत्नी गोपिकाबाईंनी इकडे कशी काढली असतील, हा विचार त्या घराच्या ओसरीवर उभं राहिल्यावर पाठ सोडत नाही. नवरा जिवंत आहे, कुठे आहे तेही ठाऊक आहे, आणि तरी त्याच्यापर्यंत जाता येत नाही.

एडन या किनाऱ्याला परकं नव्हतं, हे तर अजूनच लागतं. चौल आणि दाभोळच्या बंदरांतून शतकानुशतकं तिकडे गलबतं जात होती, तिकडून अरबी घोडे येत होते. ईशान्येच्या वाऱ्यावर जायचं आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायचं, हे तांडेलाला पाठ असे. घरातली बाई त्या वाऱ्याच्या हिशेबाने वाट बघायची. जन्मठेपेच्या कैद्याला परतीचा वाराच ठेवलेला नसे.

ठाण्याचा तुरुंग मी निघण्याआधीच बाहेरून पाहून घेतला होता. मूळचा हा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले होते. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. अंदमानला जाण्यापूर्वी सावरकरही इथे होते. रिक्षा, क्लासेसच्या पाट्या, डोसेवाले, आणि मध्ये ती उंच भिंत. मी ठाण्यात वाढले, त्या भिंतीवरून शेकडो वेळा गेले असेन. आतून बाहेर पडणाऱ्या काही माणसांसाठी पुढची पायरी जहाजाची होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माणगाव, महाड मागे टाकून पोलादपूरला आलो. इथून डावीकडे आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वरला चढतो. थोडं विषयांतर होईल, पण सांगायलाच हवं. हद्दपारी दोन्ही दिशांनी चालायची. १८३४ पासून तीस वर्षं महाबळेश्वरला चिनी कैद्यांचा तुरुंग होता. मलाक्का-सिंगापूरकडे शिक्षा झालेले चिनी लोक सह्याद्रीच्या धुक्यात आणून ठेवलेले. त्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या. त्याच काळात इकडची माणसं तिकडे जात होती. अंदमानच्या आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला आणि सिंगापूरला जात. १८१५ पासून मॉरिशसचे रस्ते बंगाल आणि मुंबईकडच्या कैद्यांनी बांधले. १८३९ मध्ये मुंबईहून सिंगापूरला निघालेल्या 'व्हर्जिनिया' जहाजावर कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलं होतं. मायदेश दिसेनासा होण्याच्या आत काहीतरी करायला हवं, एवढंच त्या माणसांना सुचलं असावं.

कशेडी, परशुराम, संगमेश्वर करत हातखंब्याला वळेपर्यंत काळोख पडला. मावशीने दारातच पायांवर पाणी घातलं आणि पहिला प्रश्न केला, "घाटात पाऊस होता का गो?"

रत्नागिरीत काळ्या पाण्याची दोन रूपं आहेत. एक ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं. १८८५ मध्ये मंडाले पडलं, राजा-राणीला आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. सरकारने त्यांच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. त्यात राजा सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. वाड्याच्या वरच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. जागा देखणी आहे. तिथे उभं राहून मन हळवं होतंच, आणि शेवटच्या मोगल बादशहाला रंगूनला धाडणाऱ्या सरकारने ब्रह्मदेशाच्या राजाला इथे आणावं, यातला क्रूरपणाही कळतो. तरीही थिबाचा वनवास आणि कैद्याची जन्मठेप एका मापाने मोजू नये, असं मला वाटतं. राजाला तनखा होता, नोकर होते, बायको-मुली जवळ होत्या. त्याचं राज्य गेलं, मान गेला, मुलींचं आयुष्य विस्कटलं. पण त्याच्या पायात बेडी नव्हती आणि त्याच्या पुढ्यात रोज सकाळी कोणी खोबऱ्याची पोती टाकत नव्हतं.

दुसरं रूप तुरुंगात आहे. १९२१ मध्ये अंदमानातून हलवल्यावर विनायक दामोदर सावरकरांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं होतं. पुढे ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत टिकली. त्यांची कोठडी स्मारक म्हणून जपली आहे. कोठडीत उभं राहिलं की दोन्ही हात पसरून भिंतींचा अंदाज घ्यावासा वाटतो. आमच्या आधी आलेलं एक कुटुंब कोठडीबाहेर तावातावाने बोलत होतं. मुद्दा तोच, दयेच्या अर्जांचा. तो वाद मी टाळत नाही. त्यांनी अर्ज केले ही नोंद आहे, आणि ज्याला त्यावर मत द्यायचं त्याने द्यावं. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या एका माणसाभोवती आपण इतके फेर धरतो की अंदमानातल्या त्याच तुरुंगात, त्याच कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेली बाकीची माणसं आपल्याला दिसेनाशी होतात. १८५८ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे ८० हजार कैदी अंदमानात नेले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी कुठे एक दगडही उभा नाही.

दुपारी भाट्याचा पूल ओलांडून नारळ संशोधन केंद्राच्या पुढे पावसच्या रस्त्याला लागलो. मावशीला घाण्याचं तेल हवं होतं. रस्त्याकडेलाच पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घाणा चालू होता, अर्थात मोटरवर. ओल्या खोबऱ्याचा आणि गरम तेलाचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. घाणेवाल्या काकांचे वडील बैलावर घाणा चालवायचे. मी त्यांना सरळ विचारलं, "काका, दिवसाला तीस पौंड तेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. किती खोबरं लागेल?"

काकांनी बोटांवर हिशेब केला. "सुकं चांगलं असेल तर बावीस-चोवीस किलो धरा ताई. नारळ म्हणाल तर दीडशे तरी फोडायला हवेत. बैलाचं दिवसभराचं काम आहे ते. आणि बैलालाही मध्ये सोडावा लागतो, पाणी दाखवावं लागतं. का विचारताय?"

मी म्हटलं, "अंदमानात हे एका माणसाला करायला लावायचे."

काकांनी मोटर बंद केली. मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

सेल्युलर जेल बांधायला १८९६ मध्ये सुरुवात झाली आणि १९०६ मध्ये ते पुरं झालं. मधल्या मनोऱ्याभोवती सात लांब इमारती, प्रत्येक तीन मजली, आणि एका कोठडीतून दुसरी दिसू नये अशी रचना. नवा कैदी आला की त्याचे पहिले सहा महिने एकांतात. सकाळी कांजी, मग काम. कोलू म्हणजे आपला घाणाच, पण फिरवायला माणूस. ठरलेलं माप नारळाच्या तेलाला दिवसाला ३० पौंड, मोहरीच्या तेलाला १०. संध्याकाळी तेल मोजून घेत. कमी भरलं तर शिव्या, मार, हातबेड्या वर भिंतीला अडकवून तासन्‌तास उभं करणं, दोन पायांमध्ये लोखंडी दांडा घातलेली बेडी. रात्री कोठडीला कुलूप लागलं की नैसर्गिक विधीला एक लहानसं मडकं, आणि ते भरलं तर सकाळपर्यंत तसंच. मोहरीच्या-नारळाच्या तेलाने हात कायम माखलेले आणि अंगाला लावायला त्यातला थेंब नाही. १९१२ मध्ये बंगालचे क्रांतिकारक इंदुभूषण रॉय यांनी कोठडीतच गळफास घेतला. त्यांच्यासारखेच क्रांतिकारक उल्लासकर दत्त यांचं मन या छळाने ढळलं आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं.

काका मध्येच म्हणाले, "आणि सोडणं? सोडणांचं काय करायचे?"

सोडणं म्हणजे नारळाच्या वरच्या जाड साली. हा प्रश्न फक्त कोकणी माणूसच विचारू शकतो. ज्याला कोलू मिळाला नाही त्याच्या वाट्याला सोडणं यायची. वाळलेली सोडणं लाकडी मोगरीने कुटायची, भुसा झाडून काथ्या वेगळा करायचा आणि संध्याकाळी वजन करून द्यायचा. आमच्या मावशीच्या सासरी सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत घालत, मगच बायका कुटायला घेत. तरी त्यांच्या तळव्यांना भेगा पडायच्या, हे मावशीने स्वतः पाहिलेलं. न कुजवलेली, सुकी सोडणं दिवसभर कुटणाऱ्या माणसाच्या हातांचं काय होत असेल ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. परतताना गाडीत ती काही बोलली नाही. घरी गेल्यावर म्हणाली, "आपल्या अंगणातल्याच वस्तू गो सगळ्या. त्यांनीच माणूस मारायचा?"

हे झालं तुरुंगाच्या आतलं. त्याआधीचे दिवस तर फारसे कोणी सांगतच नाही. डॉ. जेम्स वॉकर १० मार्च १८५८ ला पहिले २०० कैदी घेऊन अंदमानात उतरले तेव्हा तुरुंग नव्हताच. घनदाट जंगल, जळवा, हिवताप, सतत पाऊस. कैद्यांनीच झाडं तोडायची, दलदल बुजवायची, बराकी उभारायच्या आणि त्यांतच राहायचं. अनेक जण पळाले. समोरच्या किनाऱ्यावर हिंदुस्थान असेल, ब्रह्मदेश असेल, अशा आशेने ते जंगलात शिरले. काही भुकेने गेले, काही तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाणांनी. आपल्या बेटावर आलेल्या परक्यांवर बाण सोडणाऱ्या त्या लोकांना तरी दोष कसा द्यायचा? जे परत सापडले त्यांतल्या ८० हून अधिक जणांना पहिल्या काही महिन्यांतच वॉकरने फाशी दिलं.

आणि मागे राहिलेली घरं. सेल्युलर जेलमधून वर्षाला एक पत्र लिहायची परवानगी असे, आणि तीही काही चूक घडली तर काढून घेत. विनायकरावांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या पत्नी येसूवहिनी नवऱ्याच्या भेटीची परवानगी मागत राहिल्या. परवानगी आली तेव्हा त्या या जगात नव्हत्या. धाकटा भाऊ नारायणराव १९१९ मध्ये भेटीला गेले तेव्हा बाबारावांना ही बातमी समोरासमोर कळली. एकाच तुरुंगात असून बाबाराव आणि विनायकराव या दोघा भावांना वर्षानुवर्षं एकमेकांशी मोकळं बोलता आलं नव्हतं, आणि एकत्र बसून ऐकलेली घरची खबर ही.

पौर्णिमेला संध्याकाळी आम्ही मांडवीला गेलो. बँडबाजा, सोनेरी कागद लावलेला नारळ, नव्या साड्यांतल्या बायका, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. दर्याला नारळ अर्पण केला आणि गर्दीतल्या एका आजीने हात जोडून पुटपुटलेलं मी ऐकलं, "सगळ्यांना घरी आण रे बाबा." हे मागणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मला त्या क्षणी पुण्याच्या काशीबाईची आठवण झाली. तिच्यासाठी असं कोणी मागितलं असेल का?

काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा, एका घरी स्वयंपाकाला होती. फसवली गेली, दिवस राहिले, लोकलज्जेने तिने जन्मलेलं मूल मारलं, आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवलं. जोतिराव फुल्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. असल्या बायकांना आधार मिळावा म्हणून जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई मात्र गेली ती गेलीच. अंदमानात गेलेल्या बायकांमध्ये अशा गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या कितीतरी होत्या. तिथे त्यांना ठरावीक वर्षांनंतर, शेती करायला सोडलेल्या पुरुष कैद्यांशी लग्न करू देत, कारण सरकारला वसाहत वाढवायची होती. इकडे ज्या समाजाने पुनर्विवाह नाकारला म्हणून ती गुन्हेगार झाली, तिचंच लग्न तिकडे सरकारी कामकाजाचा भाग! तिला त्यात सुटका वाटली असेल की दुसरी शिक्षा, हे तिच्या तोंडून ऐकायची सोयच नाही.

मला आता अशाच माणसांचा माग काढायचा आहे. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या न्याय खात्याची जुनी दप्तरं तिथे आहेत. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाणे या तीन जिल्ह्यांतून जन्मठेपेवर गेलेल्यांची नावं, गावं, जाती आणि गुन्हे त्यांत जितके सापडतील तितके उतरवून काढायचे, असं मी ठरवलं आहे. दिवाळीनंतर सुरुवात करणार. तुमच्या घरात, वाडीत, भावकीत "अमका काळ्या पाण्यावर गेला आणि आलाच नाही" अशी एखादी गोष्ट असेल तर ती म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्या. गुन्हा काय होता याची लाज बाळगू नका. नाव आणि गाव एवढं असलं तरी दप्तरात शोधायला धागा मिळतो. मावशीने आपल्या सासरच्या वाडीतल्या अशा एका माणसाचं नाव मला निघताना सांगितलं. दरोड्याच्या आरोपात गेलेला भंडारी. माझ्या वहीत पहिलं नाव त्याचं आहे.